कोंबडी मुरत होती तेव्हा

सोमवार, ३ मार्च

डॉक्टर म्हणाले, "रोज काय खाता ते लिहून ठेवा." म्हणून ही वही.

आज खाल्लं ते: सकाळी ब्रेडचे सहा काप, जॅम लावून. दहाला चहा, चार बिस्किटं. दुपारी भात आणि बटाटा. तीनला चहा, बिस्किटं मोजली नाहीत. लिहून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझी साखर निघाली. तीन महिन्यांची सरासरी ८.६. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरता ना? तिथे चक्कर आली तर? जूनमध्ये परत तपासू. आकडा सातच्या खाली आला नाही तर मी फिट सर्टिफिकेट देणार नाही. मग ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घ्या."

फोन! एकतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतोय. दोरांच्या आवाजावरून सांगतो की कुठलं बेअरिंग गेलंय. पण फोनवर 'हॅलो'च्या पुढे मला काही सुचत नाही.

घरी ताईला सांगितलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. नऊ वर्षांपूर्वी माझी बायको गेली तेव्हा ती चार महिन्यांसाठी म्हणून आली, ती राहिलीच. स्वयंपाकघर पूर्ण तिच्या ताब्यात. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्यापासून भात बंद, बटाटा बंद, ब्रेड बंद."

"मग काय खाऊ?"

"कोबी."

मंगळवार, ४ मार्च

कोबी. उकडलेला. दोन वेळा.

बुधवार, ५ मार्च

आज काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण अजून माझ्या नाकात तो वास आहे.

साडेबाराला फोन आला, आठ मजली इमारत, लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मधे अडकलेली, आत एक बाई. मी आणि माझा जोडीदार स्पॅनर धावलो. (त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावरच. बाकी सगळ्यांसाठी तो स्पॅनर.) मी पाचव्यावर दार फटीएवढं उघडलं, आत वाकून म्हटलं, "घाबरू नका हं, पाच मिनिटांत काढतो."

आतून शांत आवाज आला. "घाबरले नाहीये. भूक लागली होती म्हणून डबा उघडलाय."

आणि त्या फटीतून वास आला. आलं, लसूण, भाजलेले तीळ, काहीतरी आंबट, काहीतरी खारट आणि त्या सगळ्यामागे तव्यावर करपता करपता राहिलेलं मांस. उपाशीपोटी असा वास म्हणजे छळच. माझ्या हातातून पान्हा निसटला तो थेट लिफ्टच्या छतावर.

बाई म्हणजे सहाव्या मजल्यावरच्या दवाखान्यातल्या दंतवैद्य. बाहेर आल्यावर त्यांनी डबा पुढे केला, "घ्या एक." मी म्हटलं, नको, मला साखर आहे, दोन दिवस कोबीवर आहे. त्या हसल्या. "यात साखर नाही, मध नाही, मैदा नाही. मी दातांची डॉक्टर आहे, साखरेशी माझं जुनं वैर. नुसती कोंबडी आहे. सोयासॉसमध्ये मुरवायची आणि तव्यावर टाकायची. तुम्हालाही जमेल."

मी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. स्पॅनरने तीन खाल्ले, त्याला तर साखरही नाही.

बाईंनी औषधाच्या चिठ्ठीच्या कागदावर कृती लिहून दिली. अक्षर डॉक्टरांचंच. पण मी सर्किटचे आराखडे वाचणारा माणूस, एवढंसं वाचता येणार नाही होय?

गुरुवार, ६ मार्च

कामावरून येताना सगळं सामान आणलं. सोयासॉस, व्हिनेगर, तिळाचं तेल, ठेचलेली लाल मिरची, पातीचा कांदा, कोंबडीच्या मांडीचे बिनहाडाचे तुकडे. ताईला म्हटलं, "आज तू बस. आज मी."

ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. चोपन्न वर्षांचा भाऊ पहिल्यांदा गॅस पेटवताना बघायला मिळाला तर कोण बसेल?

चिठ्ठीत होतं, सोयासॉस मोठे चार चमचे. आमच्या घरातला मोठा चमचा म्हणजे वाढायचा डाव. चार डाव सोयासॉस घातला. कोंबडी बुडाली. तव्यावर टाकली तर भाजायच्या ऐवजी उकळायला लागली. पहिला घास घेतला आणि कान गरम झाले. समुद्राचं पाणी बरं!

ताईने तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि कोबी गरम केला.

शनिवार, ८ मार्च

आज चमचा म्हणजे चमचाच. खारट नव्हतं. पण रबरासारखं होतं. मी चावत बसलो, चावत बसलो. दंतवैद्यबाईंचा धंदा कसा चालतो ते कळलं.

मंगळवार, ११ मार्च

जमलं!!

आज पद्धत बदलली. सकाळी सातलाच कोंबडीला सगळं चोळून डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि कामावर गेलो. दिवसभर मुरू दिलं. संध्याकाळी सहाला येऊन तवा कडकडीत तापवला, तुकडे टाकले, आणि तो आवाज! चर्रर्र! कडेला तांबूस, आत मऊ, बोटाने तुटेल असं. वर पातीचा कांदा, खाली बारीक चिरलेला कच्चा कोबी. हो, कोबी. कोबीसुद्धा आवडला मला आज.

एक नवल लिहून ठेवतो. सकाळी मी आल्याचे चांगले अंगठ्याएवढे तुकडे टाकले होते. संध्याकाळी डब्यात एकही नाही, सगळीकडे आल्याचा कीस. सोयासॉसने आलं विरघळतं! आणि मांसाला बारीक बारीक चिरा पडलेल्या होत्या, एका अंतरावर, तिरप्या. व्हिनेगरमुळे होत असणार. मुरणं ही काय चीज आहे!

ताईला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "असेल बाबा. तू मेकॅनिक, तुला कळतं."

रविवार, १६ मार्च

आज सुट्टी, म्हणून दिवसभर स्वयंपाकघरातच होतो. सकाळी मुरत ठेवलं, दर तासाला डबा उघडून बघितलं. ताई दोनदा आत आली, मी म्हटलं, "तू आराम कर, मी आहे ना." ती परत गेली.

संध्याकाळी कोंबडी साधारणच. आलं विरघळलंच नाही. सारखं झाकण उघडल्यामुळे बिघडलं असणार. यापुढे रविवारी हात लावायचा नाही.

गुरुवार, २० मार्च

पुन्हा झक्कास. कामाच्या दिवशी बरोबर जमतं. कामाची शिस्त अंगात असते ना.

वरच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात भेटले. म्हणाले, "हल्ली संध्याकाळी तुमच्याकडे रेडिओ लागतो वाटतं? छान वाटतं ऐकायला." आमच्याकडचा रेडिओ चार वर्षं बंद आहे. आजोबांचे कान गेले बहुतेक.

सोमवार, ३१ मार्च

वजन तीन किलो उतरलं! पट्ट्याला नवं भोक पाडलं. दुपारी जेवणानंतर पेंगायचो ते बंद झालं. आज अकराव्या मजल्यापर्यंत जिना चढलो आणि वर पोचल्यावर स्पॅनरलाच म्हटलं, "बस जरा, दम घे." काय चेहरा झाला त्याचा!

डबा रोज कोंबडीचा. सोबत कधी किसलेला फ्लॉवर, तव्यावर परतून, अगदी भातासारखा दिसतो. सोबतचे सगळे हात मारतात. साहेब, म्हणजे आमचे सुपरवायझर, जूनमध्ये निवृत्त होतायत. ते म्हणाले, "माझ्या निरोपाचं जेवण बाहेरून मागवू नका. याच्या हातची कोंबडी करू दे." मी छाती पुढे काढून हो म्हटलं. तीस माणसं. सात जून.

रविवार, ६ एप्रिल

आज स्वयंपाकघराची नीट व्यवस्था लावली. ताईचे डबे म्हणजे अंधारातला कारभार. कशात काय आहे ते तिलाच माहीत. मी सगळे डबे उतरवले, रिकामे केले, पुसले, आणि कंट्रोल पॅनेलवर लावतो तसे लेबल लावले. वरच्या फळीवर सॉस, मधल्यावर मसाले, तांदूळ-मैदा सगळ्यात खाली, कोपऱ्यात. काय देखणं दिसतं!

ताई बाहेरून आली. फळीसमोर बराच वेळ उभी राहिली. एका डब्यावरून हात फिरवला. मी विचारलं, "कसं झालंय?"

"छान झालंय. आता कुणालाही सापडेल."

मलाही तेच वाटतं.

शुक्रवार, २ मे

ताईला चांगला आराम मिळतोय. पूर्वी दिवसभर ओट्याशी उभी असायची. आता दुपारी खिडकीशी बसते. कपाटही आवरलंय तिने, साड्यांच्या घड्या करून बॅगेत ठेवल्यात. आज विचारत होती की तिच्या मुलाच्या गावाला सकाळची बस किती वाजता असते. मी म्हटलं, "जा ना, बदल होईल तुला." ती हो म्हणाली.

सोमवार, १२ मे

सकाळी ताईला बसवर सोडलं. म्हटलं, "किती दिवस?" म्हणाली, "बघू." बॅग चांगलीच जड होती. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "छोट्या, कोंबडी पुसून घेत जा." मी म्हटलं, "अगं, डबा रोज पुसतो मी." बस सुटली.

घर एकदम मोठं वाटतंय.

बुधवार, १४ मे

कोंबडी नीट झाली नाही.

शनिवार, १७ मे

आजही नाही. पाणी सुटतं, तुकडे करड्या रंगाचे होतात. आलं तसंच्या तसं अंगठ्याएवढं. सोयासॉसची नवी बाटली आहे, तीच भेसळीची असणार. दुकानदाराला जाऊन बोललो. तो म्हणाला, "साहेब, त्याच खोक्यातली मागची बाटली नेली होती तुम्ही." मी दुसऱ्या दुकानातून दुसरी आणली.

मंगळवार, २७ मे

तीन सॉस झाले, दोन व्हिनेगर. तवा बदलला. गॅसचा बर्नर सोडवून साफ केला. लिफ्ट बंद पडली की मी एक एक भाग तपासत जातो आणि दोष सापडतोच. इथे सगळे भाग ठीक आहेत आणि यंत्र चालत नाही.

अकरा दिवसांवर तीस माणसं. आणि परवापासून मी ब्रेड खायला लागलोय. आज चार काप खाल्ले. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

रविवार, १ जून

भाच्याकडे जाऊन आलो. आज जे झालं ते मला जन्मभर पुरेल.

पहाटेच्या बसने निघालो. खिशात दंतवैद्यबाईंची चिठ्ठी. मनात एवढंच की ताईला विचारू, तिच्या लक्षात काही आलं असेल तर. शेवटी ती रोज घरात होती.

भाच्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, चकचकीत. सूनबाईने दार उघडलं. गुणी पोरगी, कामावर जाते, सगळं झपाझप करते. ताई स्वयंपाकघरात एका उंच स्टुलावर बसली होती, हात मांडीवर ठेवून. सूनबाई चहा करत होती. ताई दूध द्यायला उठली तशी सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही बसा ना, मी आहे. तुम्ही आराम करा."

ताई बसली.

मी तिथल्या तिथे थांबलो. हे शब्द मी ऐकले होते. माझ्याच तोंडून. तेव्हा मला ते किती प्रेमाचे वाटले होते! आणि आज ताईचे ते रिकामे हात दिसत होते. तळव्याला जुने चटके, नखाशी आल्याचा डाग पडायचा तोही आता नाही.

चहा झाल्यावर आम्ही दोघं गच्चीत गेलो. मी चिठ्ठी काढली आणि सगळं सांगितलं. पाणी सुटतं, रंग येत नाही, आलं विरघळत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग जी हसत सुटली! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अरे छोट्या, आलं कधी विरघळतं का?"

"मग?"

"तू गेलास की मी काढायचे ते धोंडे आणि किसून परत घालायचे. मांसाला चिरा मी द्यायचे. सॉस जास्त झाला की ओतून टाकायचे. आणि तू यायच्या अर्धा तास आधी एक एक तुकडा कापडाने पुसून कोरडा करून ठेवायचे. ओला तुकडा तव्यावर टाकला तर तो भाजेल कसा? शिजणार तो!"

'कोंबडी पुसून घेत जा.' तिने तर बसमधून सांगितलं होतं मला. आणि मी डबा पुसत बसलो.

"रविवारी का नाही केलंस?" मी विचारलं.

"रविवारी तू ओट्यापासून हलतच नव्हतास."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. दोन महिने सगळ्यांना मी कामाच्या शिस्तीबद्दल सांगत फिरत होतो. स्पॅनरला तर व्हिनेगरचं शास्त्र शिकवलं होतं!

"सांगितलं का नाहीस?"

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"सांगणार होते. दुसऱ्याच दिवशी. पण तू तवा हलवत शिट्टी वाजवत होतास."

"मी?"

"तूच. नऊ वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, वाजवू दे. आलं मी किसेन."

मला शिट्टी आठवत नाही. खरंच आठवत नाही. आजोबांचे कान मात्र शाबूत आहेत, एवढं कळलं.

मग मी विचारलं, "मग निघून का आलीस?"

"तू डबे हलवलेस," ती म्हणाली. "आधी आलं मी किसत होते ते चोरून, पण माझ्या घरात. त्या दिवशी फळीपुढे उभी राहिले आणि मीठ घ्यायला मला वाचावं लागलं, छोट्या. पाहुण्यासारखं. मग म्हटलं, पाहुणीच आहोत तर निघावं."

मी माफी मागितली. नीट जमली नाही. ती म्हणाली, "पुरे." मी म्हटलं, "डबे परत होते तसे लावतो." तर म्हणाली, "तुला थोडंच आठवणार आहे कुठे काय होतं?" हेही खरं.

खाली आलो. मी सूनबाईला म्हटलं, "आज आम्ही दोघं स्वयंपाक करतो, तू बस." ती बिचारी गोंधळली. ताईने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बसू नकोस गं. बसायला सांगितलं की काय वाटतं ते मला माहीत आहे. तू लसूण सोल."

तिघांनी मिळून केली. ताईने माझा हात धरून सुरी तिरपी कशी धरायची ते दाखवलं. पुसण्याचं काम मी केलं, एक एक तुकडा, काचेचं भांडं पुसावं तसं. भाचा वास घेत घेत आत आला आणि तव्याजवळच उभा राहून खायला लागला.

ताई माझ्याबरोबरच परत आली.

मंगळवार, ३ जून

काल रक्त दिलं. ते ब्रेडचे काप नडणार.

ताईने लेबलं काढली नाहीत. डबे मात्र तिच्या मर्जीने लावले. आता 'मिरेपूड' लिहिलेल्या डब्यात जिरं आहे.

गुरुवार, ५ जून

६.८!!!

डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर शिक्का मारला. काठावर आहे, गोळी चालू ठेवा, खाण्यावर लक्ष ठेवा, असं बरंच बोलले. मला फक्त शिक्क्याचा आवाज ऐकू आला. जिना उतरताना दोन दोन पायऱ्या सोडल्या.

शनिवार, ७ जून

काल दुपारपासून ताई आणि मी कामाला लागलो. सात किलो कोंबडी. चिरा तिने दिल्या, आलं मी किसलं. बोटं सोलून निघाली पण किसलं. आज सकाळी वर्कशॉपच्या मागच्या खोलीत दोन मोठे तवे लावले. ती एकावर, मी दुसऱ्यावर. "गर्दी करू नकोस तव्यात! जागा ठेव!" ती ओरडत होती आणि तीसच्या तीस माणसं दारात ताटं घेऊन उभी.

एक तुकडा उरला नाही. साहेबांनी बोटं चाटली. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या मेकॅनिकच्या हाताला चव आहे." टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "साहेब, दोन महिने तुम्ही जी कोंबडी खाल्लीत ती माझी नव्हती. मी फक्त तव्यावर टाकत होतो. बाकी सगळं ही करत होती, मला न सांगता." आणि आलं विरघळण्याची गोष्ट सांगितली. स्पॅनर खुर्चीवरून पडायचा राहिला. ताई लाजली नाही, उलट म्हणाली, "आजची मात्र अर्धी याची आहे. कुठली अर्धी ते ओळखा." सगळे हसले. मलाही फरक सांगता आला नसता, हे मी इथे अभिमानाने लिहितो.

भांडी आवरून झाल्यावर ताई म्हणाली, "तू माझ्या स्वयंपाकघरात घुसलास. आता तुझं दाखव."

शेजारच्याच इमारतीची लिफ्ट आमच्याकडे देखभालीला आहे. तिला वरच्या मशीन रूममध्ये नेलं. हेल्मेट घातलं, साडीचा पदर कमरेला खोचायला लावला, पिवळ्या रेषेमागे उभं केलं. एकतीस वर्षांत माझ्या घरचं कुणी इथे आलं नव्हतं. मी मोटर दाखवली, ब्रेक दाखवला, दोर दाखवले. ती सगळीकडे वाकून बघत होती, डब्याचं झाकण उघडून बघते तशी.

"आता यातलं काय दाबलं की ती वर येते?"

मी खाली स्पॅनरला फोन केला, लिफ्ट रिकामी आहे ना ते विचारलं आणि चावी चाचणीवर फिरवली. "हे हिरवं. दाबून धर."

तिने दाबलं. मोटर घुमली, भलंमोठं चाक फिरायला लागलं, सहा दोर एकदम धावले आणि नऊ मजल्यांखालून ती लिफ्ट निघाली.

"छोट्या!" ताई त्या आवाजात ओरडली. "अरे, ही तर खरंच येतेय!"